फोटो चांगला आलाय, पण माझा वाटत नाही

वाचकांचे प्रश्न : फोटोग्राफी

या वेळी आलेली पत्रं आणि मेल एकत्र घेऊन वाचायला बसले तर बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरतायत असं दिसलं. कॅमेरा कुठला घेऊ, लेन्स कुठली घेऊ हे नेहमीचे प्रश्न आहेतच, ते पुढच्या अंकात घेते. पण फोटो बऱ्यापैकी जमायला लागलेत, आता पुढे काय, स्वतःची अशी स्टाइल कुठून आणायची, हे इतक्या जणांनी इतक्या कळकळीनं विचारलंय की हा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. पत्रं थोडी कापली आहेत आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी साताऱ्याचा, वय २४. डीएसएलआर घेऊन चार वर्षं झाली. कास, भीगवणचे फ्लेमिंगो, जेजुरीचा भंडारा, दिवे घाटातली वारी, सगळं करून झालंय. फोटो शार्प येतात, एक्स्पोजर बरोबर असतं, लोक छान म्हणतात. पण या वर्षी वारीचे फोटो टाकले आणि मित्रानं दुसऱ्याच कुणाच्या तरी अकाउंटवरचा फोटो पाठवून विचारलं, हा तुझाच ना? सेम घाट, सेम वळण, सेम पांढऱ्या टोप्या. तेव्हापासून कॅमेरा हातात घ्यावासाच वाटत नाही. इन्स्पिरेशन कुठून आणू?

उत्तर : तुझा मित्र चुकला नाही आणि तूही काही वाईट काम केलेलं नाहीस, हे आधी सांगते. माउलींची पालखी दिवे घाट चढते तेव्हा जिथून ते वळण नीट दिसतं त्या उतारावर सकाळपासून माणसं ट्रायपॉड लावून जागा धरून बसलेली असतात, मीही बसलेय. एकाच जागेवरून, साधारण एकाच लेन्सनं, एकाच वेळी एवढ्या सगळ्यांनी बटण दाबलं तर फोटो एकच येणार ना. भीगवणला नावाडी होडी जिथे नेऊन थांबवतो तिथूनच सगळ्यांचे फ्लेमिंगो उडतात, जेजुरीला भंडारा उधळला जातो तेव्हा सगळे वरच्या ओवऱ्यांवर चढलेले असतात. हे जागेचे फोटो आहेत रे. ते वाईट नसतात, पण ते काढणारा कोण होता हे त्यात दिसत नाही, आणि तुला जे टोचतंय ते हेच आहे असं मला वाटतं.

इन्स्पिरेशन कमी पडतंय असं तू म्हणतोस, मला उलट वाटतंय. रोज फोनवर शेकडो फोटो बघतोस, त्यामुळे घाटात पोचायच्या आधीच फोटो डोक्यात तयार असतो आणि तू तो फक्त जाऊन घेऊन येतोस. थोडे दिवस बघणं कमी कर, बंद नको.

माझं सांगते, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. मी कोल्हापूरची. फिल्मचे दिवस, ३६ फोटोंचा रोल, घरून महिन्याला एका रोलचे पैसे मिळायचे. मला तालमीचे फोटो काढायचे होते. ती ताक, हळद, लिंबू, तेल घालून मळलेली लाल माती, पहाटे वरच्या झरोक्यातून येणारा उजेड आणि त्यात तरंगणारी धूळ, दुसरं काही डोक्यातच नव्हतं माझ्या. पण आखाड्यात बाईमाणसानं जायचं नाही. वस्ताद मायेनंच म्हणाले, पोरी, उंबऱ्याबाहेर उभी ऱ्हा आणि काय काढायचं ते काढ. मी घरी येऊन रडले. कारण मासिकात बघितलेले सगळे फोटो आखाड्याच्या मधोमध जाऊन वाइड लेन्सनं काढलेले असायचे, पैलवानाच्या घामाचा थेंबन्‌थेंब दिसायचा, आणि माझ्याकडे एकच ५० एमएम लेन्स, जिच्यात वाइडपेक्षा बरंच कमी मावतं, आणि पायाखाली उंबरा. तरी सहा महिने जात राहिले. लॅबमध्ये एक काका होते, त्यांनी एकदा माझ्या कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे अख्ख्या रोलचे छोटे छोटे फोटो छापलेल्या कागदावर, लाल पेन्सिलनं एक फ्रेम गोल केली. मी ती फुकट गेली म्हणून सोडून दिली होती. डावीकडं दाराची चौकट, त्यामुळे अर्धी फ्रेम काळी, आत लांबवर एक पोरगा फावड्यानं माती खणतोय, त्याचं तोंडसुद्धा नीट दिसत नाही, आणि खाली अगदी माझ्या पायापाशी ओळीनं काढून ठेवलेल्या चपला, त्यातली एक उलटी पडलेली. काका म्हणाले, ही तुझी, बाकीच्या कुणीबी काढंल.

त्या दिवशी मला पटलं नव्हतं. पण घरी जाऊन जुने प्रिंट काढून बसले तर माझ्या कितीतरी फोटोंत दार होतं, खिडकी होती, कुणाच्या तरी खांद्यामागून काढलेलं होतं. मी जन्मभर उंबऱ्यावरूनच बघत आले होते आणि फोटो काढताना मात्र ते लपवायचा प्रयत्न करत होते. मग लपवायचं सोडलं. आजही माझे फोटो ओळखणारे लोक त्यावरूनच ओळखतात.

तर तुला करायला देते ते हे. हार्डडिस्कमधून गेल्या चार वर्षांतले शंभर फोटो निवड. लाइक मिळालेले नकोत, तुला स्वतःला परत परत बघावेसे वाटतात ते घे, फसलेलेसुद्धा चालतील. लॅबमधून चार बाय सहाचे साधे प्रिंट काढून आण आणि घरात फरशीवर पसर. हे स्क्रीनवर करू नकोस, स्क्रीनवर एका वेळी एकच फोटो दिसतो आणि आपल्याला सगळे एकदम बघायचेत. आता जे फोटो दुसऱ्या कुणाचेही असू शकले असते ते बाजूला काढत जा. घाट जाईल, कास जाईल, सूर्यास्त तर सगळेच जातील, वाईट वाटेल पण काढ. शेवटी दहा-पंधरा उरतील. त्यात बघ की तू माणसांपासून किती अंतरावर उभा आहेस, समोरून जास्त काढलेत की पाठमोरे, बसून काढतोस की उभ्यानं, फ्रेम भरून टाकतोस की मोकळी सोडतोस, उजेड कुठल्या बाजूनं आहे. सॉफ्टवेअरमध्ये लेन्सप्रमाणे फोटो वेगळे करता येतात, तेही एकदा बघून घे, झूम लेन्स असली तरी आपण नकळत त्याच त्याच फोकल लेंग्थवर, म्हणजे झूमच्या त्याच आकड्यावर जातो. एखादी गोष्ट चार-पाच वेळा तरी परत आलेली दिसेल. ती तिथे होतीच, तू तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतंस.

दुसरं म्हणजे वारी सोडू नकोस, फक्त घाट सोड. पालखी तर तुझ्याच जिल्ह्यातून जाते, नीरा ओलांडली की लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. नीरेत पादुकांना स्नान घालतात तेव्हा सगळे कॅमेरे पुढं धावतात, त्या वेळी मागं काय चाललेलं असतं ते बघ ना. एखाद्या दिंडीबरोबर दोन दिवस चाल, मुक्कामाला पालात बस. पायांना तेल चोळणाऱ्या म्हाताऱ्या, दोरीवर वाळणारी लुगडी, टँकरला लागलेली कळश्यांची रांग, एकाच बोर्डाला लटकलेले पंधरा-वीस मोबाइल आणि त्यांची राखण करत बसलेला एखादा पोरगा. यातलं काय तुझं असेल ते मला सांगता येणार नाही, मी माझ्या डोळ्यांना दिसलेलं सांगतेय. पण चालून चालून पाय दुखायला लागले की माणूस आपोआप जिथे बसतो तिथून जे दिसतं ते घाटावरून कधीच दिसत नाही.

रघुबीर सिंग नावाचे फार मोठे फोटोग्राफर होते, १९४२ साली जयपूरला जन्मले, १९९९ मध्ये गेले. त्यांनी भारत रंगीत फिल्मवर टिपला. त्यांचं एक काम असं आहे की देशभर अॅम्बेसेडर गाडीतून फिरायचं आणि ती गाडीच फ्रेम म्हणून वापरायची. उघडं दार, काच, आरसा, बॉनेट, आणि त्या चौकटीतून दिसणारा रस्ता. ते वारले त्यानंतर त्याचं पुस्तक आलं. एवढा मोठा देश आणि बघायला एक गाडीची खिडकी, पण ते फोटो लांबून बघितले तरी कुणाचे ते कळतं. तुझी अॅम्बेसेडर कुठली ते शोध. रोज कामाला जातोस ती एसटी असेल, वडिलांचं दुकान असेल. तीन महिने एक जागा, एक लेन्स. कंटाळा येईल, साधारण तिसऱ्या आठवड्यात तर फारच येईल, आणि माझा अनुभव असा की बरं काहीतरी त्या कंटाळ्याच्या नंतरच यायला लागतं, त्यामुळे तिथे सोडू नकोस.

प्रश्न : मी पुण्यात आयटीमध्ये आहे, वीकएंडला फोटोग्राफी करतो. एका फोटोग्राफरचे प्रिसेट विकत घेतले, त्यामुळे माझं सगळं फीड एकसारखं दिसायला लागलं, मस्त वाटत होतं. आता एक सीनियर म्हणतात की ही स्टाइल नाही. मग ब्लॅक अँड व्हाइटकडे वळू का?

उत्तर : प्रिसेट म्हणजे दुसऱ्या माणसानं एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या फोटोसाठी हलवून ठेवलेले रंग-उजेडाचे स्लायडर. त्याचं गाव वेगळं, त्याचा उजेड वेगळा. ते जे मूडी प्रिसेट सध्या चालतात त्यातले बरेचसे हिरव्यातला जीव काढून तो तपकिरी-काळपट करतात आणि पिवळा नारंगीकडे ढकलतात. आता तुम्ही आषाढात ताम्हिणीला गेलात, तिथला तो ओला, डोळ्यात भरणारा हिरवा हाच तर त्या जागेचा खरा रंग, आणि तोच तुम्ही घरी येऊन पुसून टाकता. हळदीच्या कार्यक्रमात नवरीच्या गालावरची हळद विटेसारखी दिसायला लागते. मला हे बघून खरंच त्रास होतो.

प्रिसेट वापरू नका असं नाही, शिकायला चांगले आहेत. एक प्रिसेट लावा आणि मग एकेक स्लायडर शून्यावर आणत बघा कशानं काय बदललं, उजेड-अंधार कमीजास्त करणाऱ्या टोन कर्व्हनं काय केलं, हिरव्याचं काय झालं. दोन-तीन रविवार हे केलंत की तुम्हाला स्वतःला काय आवडतं ते हाताला कळायला लागेल आणि विकत घ्यायची गरज राहणार नाही.

ब्लॅक अँड व्हाइटचं म्हणाल तर फीड एकसारखं दिसावं म्हणून नका करू. ज्या फोटोत रंग काहीच काम करत नाहीयेत, उलट मागची निळी ताडपत्री नुसतीच नजर ओढून घेतेय आणि खरी गोष्ट उजेड-सावलीत किंवा चेहऱ्यात आहे, तिथे करा. आणि शक्यतो काढतानाच ठरवा, कॅमेऱ्याचा डिस्प्ले मोनोक्रोमवर ठेवून रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, शूट केलंत तर बघताना काळं-पांढरं दिसतं आणि फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. तुमच्या सीनियरचं म्हणणं मला पटतं, पण त्यांनी ते जरा प्रेमानं सांगायला हवं होतं.

प्रश्न : मी चिपळूणची, वय ४७, गृहिणी. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. २०२१ च्या पुरात आमचे लग्नाचे, मुलांच्या बारशाचे सगळे अल्बम गेले, चिखलात फोटो एकमेकांना चिकटले होते, सोडवताना चेहरेच निघून आले. तेव्हापासून मी घरातलेच फोटो काढते. सासूबाई, खिडकी, ओटा, अंगणातलं वाळवण. बाहेर जाणं होत नाही, सासूबाईंना सोडून जाता येत नाही. मुलगा म्हणतो आई तेच तेच काय काढतेस. याला फोटोग्राफी म्हणायचं का? की हौस म्हणून सोडून द्यावं?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि चिकटलेल्या फोटोंबद्दलचं ते वाक्य दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. हो, याला फोटोग्राफी म्हणायचं. या अंकातल्या पाचही पत्रांमध्ये स्वतःचा विषय ज्यांच्याकडे आधीपासून आहे अशा तुम्हीच एकट्या आहात.

प्राग शहरात योसेफ सुदेक नावाचे फोटोग्राफर होते. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला, तरी एका हातानं जड लाकडी कॅमेरे सांभाळून त्यांनी आयुष्यभर काम केलं. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात होतं, बाहेर कॅमेरा घेऊन हिंडणं अवघड, तेव्हा त्यांनी आपल्या छोट्याशा स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला सुरुवात केली. तीच खिडकी, काचेवर जमलेलं बाष्प, बाहेरचं वाकडं झाड, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला पाण्याचा ग्लास किंवा एखादं फूल. १९४० ते १९५४, चौदा वर्षं, तेच तेच. आज सुदेक म्हटलं की ती खिडकीच आठवते. तेव्हा मुलगा काय म्हणतो ते प्रेमानं ऐकून घ्या आणि काढत राहा.

थोडं कामाचं सांगते. फोटो काढायच्या आधी पदराला मोबाइलची लेन्स पुसायची, स्वयंपाकघरात तिच्यावर तेलाचा हात लागलेला असतोच आणि मग सगळं धुरकट येतं. ट्यूबलाइट बंद करायची, फक्त खिडकीचा उजेड ठेवायचा, आणि सासूबाई खिडकीकडे तोंड करून न बसता खिडकी त्यांच्या एका बाजूला येईल अशा बसलेल्या असल्या तर गालावरच्या, हातावरच्या सुरकुत्या छान उठून दिसतात. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये उजेड लॉक होतो, मग बोट किंचित खाली ओढून फोटो थोडा गडद करा, मोबाइल सगळं उगीच जास्त उजळ करतो. ब्यूटी मोड पूर्ण बंद. बोटांनी चिमटून झूम करू नका, दोन पावलं पुढं जा.

आणि एक करून बघा. तुम्ही लिहिलंय की सासूबाई दुपारी खिडकीपाशी तांदूळ निवडत बसतात. दर बुधवारी, त्याच वेळी, तुम्ही त्याच जागी उभं राहून फक्त त्यांच्या हातांचा आणि सुपाचा एक फोटो काढा. चेहरा नको. पावसाळ्यात उजेड निळसर असेल, मार्गशीर्षात ऊन पार सुपापर्यंत येईल, कधी बांगड्या बदललेल्या असतील, कधी बोटाला चिंधी बांधलेली असेल, कधी नातवंडाचा हात मध्येच येईल. वर्षाचे बावन्न फोटो होतील. त्यांना आधी विचारून घ्या अर्थातच, आणि काढलेले त्यांना दाखवा, आवडतं म्हाताऱ्या माणसांना.

हे मात्र नक्की करा, पुराचं तुम्हीच लिहिलंय म्हणून सांगते. फोटो फोनमध्ये एकाच ठिकाणी ठेवू नका. एक कॉपी क्लाउडवर आणि एक मुलाच्या किंवा बहिणीच्या घरी, दुसऱ्या गावात, पेन ड्राइव्हवर. महिन्याला चार प्रिंट काढा आणि वरच्या मजल्यावर, वरच्या फळीवर ठेवा. पुराच्या आधीचे काही फोटो माहेरी, नातेवाइकांकडे, तुमच्या लग्नाला आलेल्या लोकांच्या अल्बममध्येही असतील, ते मागून घेऊन खिडकीच्या उजेडात सरळ वरून मोबाइलनं कॉपी करून ठेवा. मला बावन्नमधले पहिले चार पाठवाल का?

प्रश्न : बार्शीला माझा स्टुडिओ आहे, लग्नाचं काम करतो, बारा वर्षं झाली. सीझनला तीस-पस्तीस लग्नं. तेच कॅन्डिड, तेच प्री-वेडिंग, तोच ड्रोन, पार्टीच मोबाइलवर रील दाखवून म्हणते असंच पाहिजे. पोटासाठी करतो पण मन मेलंय. स्वतःचं काम करायला वेळच नाही.

उत्तर : दादा, पहिली गोष्ट, ज्याचे पैसे घेतलेत त्याला त्यानं मागितलेलं आधी मिळालं पाहिजे. मंगळसूत्र घालताना तुम्ही तिकडे कलात्मक सावली काढत बसलात आणि मुख्य फोटो हुकला तर ते घर तुम्हाला कधी माफ करणार नाही आणि करूही नये. हे तुम्हाला माहीतच आहे, तरी लिहिते, कारण स्टाइलच्या नादात हे विसरलेले काही चांगले फोटोग्राफर मी पाहिलेत.

पण मेलेलं मन हेही खरं आहे. सॉल लायटर हे न्यूयॉर्कचे फोटोग्राफर, १९२३ ते २०१३. पोटासाठी फॅशन मासिकांचं काम करायचे, आणि स्वतःसाठी घराच्या आजूबाजूच्या चार गल्ल्यांत फिरून रंगीत फोटो काढायचे, मुदत संपलेली फिल्मसुद्धा वापरायचे. बाष्प धरलेल्या काचा, बर्फात एखादी लाल छत्री, एवढंच. त्या स्लाइड्स वर्षानुवर्षं डब्यांत पडून होत्या, त्यांच्या रंगीत फोटोंचं पहिलं पुस्तक २००६ मध्ये आलं, म्हणजे वयाची ऐंशी उलटल्यावर. तेव्हा जग म्हणालं की अरे हा माणूस कुठे होता. ते तिथेच होते, त्याच भागात पन्नासहून जास्त वर्षं.

तुम्हाला वेगळा वेळ काढायला सांगत नाही, सीझनमध्ये तो मिळणार नाही हे मला कळतं. प्रत्येक लग्नात दहा मिनिटं स्वतःची ठेवा. असिस्टंटला स्टेजवर उभं करा, जेवणाच्या पंगती चालू असतात तेव्हा दहा मिनिटं मिळतात. फ्लॅश बंद, एक प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली. आचाऱ्याच्या भट्टीपाशी जा, रुखवताच्या टेबलाखाली झोपलेली पोरं बघा. अंतरपाट धरलेला असतो तेव्हा सगळे नवरा-नवरीकडे बघतात, अंतरपाट धरणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे कुणी बघत नाही. आणि पाठवणी झाल्यावर, गाडी गेल्यावर, तुमचं काम संपलेलं असतं, बॅगा भरलेल्या असतात, तेव्हा एकदा मागं वळून मांडवात बघा. मुलीचा बाप खुर्च्या मोजत असतो. मी एका लग्नात हे बघितलंय, माणूस रिकाम्या मांडवात एकेक खुर्ची मोजत होता, मंडपवाल्याला द्यायच्या होत्या म्हणून, आणि मोजणं चुकत होतं, परत पहिल्यापासून सुरू करत होता. माझ्याकडं कॅमेरा होता, मी काढला नाही. त्याचं दुःख वाटत नाही मला, काही फोटो काढायचे नसतात, पण ती जागा तेव्हापासून लक्षात राहिली.

एका सीझनचे तीस लग्नांचे दहा-दहा मिनिटांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, त्यांना रील करू नका, पावसाळ्यात काम नसतं तेव्हा प्रिंट काढून वरच्या साताऱ्याच्या मुलाला सांगितलं तसं फरशीवर पसरा. आणि दर अल्बममध्ये शेवटचं एक पान तुमच्या आवडीचं ठेवा, न विचारता, फुकट. पाच पार्ट्यांमधली एखादी तरी ते पान बघून म्हणेल की आमच्या धाकटीच्या लग्नात असे जास्त काढा. मोबाइलवर रील दाखवणारं गिऱ्हाईक लगेच बदलणार नाही, पण अशी एक-दोन घरं मिळाली की काम हळूहळू तिकडे सरकतं, हे मी ओळखीच्या दोघा-तिघांचं होताना पाहिलंय.

प्रश्न : मी नागपूरला फाइन आर्ट्सला आहे, दुसऱ्या वर्षाला. मला फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ इतके आवडतात की माझे सगळे फोटो त्यांच्यासारखे व्हायला लागलेत. मैत्रीण म्हणते ही चोरी आहे. मोठ्या फोटोग्राफरांचं काम बघणंच बंद करू का?

उत्तर : अगं बंद कशाला करतेस, अजून बघ. आणि एकाचंच बघू नकोस. तुला ब्रेसाँ आवडतात तर ब्रेसाँना काय आवडायचं ते बघ. ते आधी चित्रकला शिकत होते, आणि तरुण असताना त्यांनी मार्टिन मुंकाची या हंगेरियन फोटोग्राफरचा एक फोटो बघितला, आफ्रिकेतल्या टांगानिका तळ्याच्या लाटांमध्ये धावत जाणारी तीन मुलं, पाठमोरी, नुसत्या काळ्या आकृती. त्या एका फोटोनं आपल्याला पेटवलं असं ब्रेसाँनी स्वतः सांगितलंय. आता त्यांचे उड्या मारणारे, धावणारे, हवेत असलेले लोक परत बघ, ती तीन मुलं तुला दिसतील. पुढची गंमत बघ. १९६६ मध्ये ब्रेसाँ जयपूरला आले होते तेव्हा वर सांगितलेले रघुबीर सिंग त्यांना भेटले, त्यांना काम करताना जवळून बघितलं. गर्दीतून फ्रेम कशी जुळवायची ते घेतलं. पण ब्रेसाँना रंगीत फोटोग्राफीचं वावडं, आणि सिंग यांना राजस्थानात वाढल्यामुळे रंगाशिवाय आपला देश दिसेचना. त्यांनी गुरूची ती एक गोष्ट बाजूला ठेवली आणि आयुष्यभर रंगात काम केलं. त्यांचा रस्ता तिथून फुटला.

कॉपी करणं आणि कॉपी केलेलं आपलं म्हणून मिरवणं, यात फरक आहे, तुझ्या मैत्रिणीला हे सांग. चित्रकलेच्या वर्गात जुन्या मास्टर्सच्या कॉप्या करायला लावतातच की. तू असं कर, तुला सगळ्यात आवडणारा ब्रेसाँचा एकच फोटो घे आणि तो नागपुरात परत काढायचा प्रयत्न कर, महालच्या गल्लीत, सीताबर्डीच्या गर्दीत, जिथे तसा जिना किंवा तसं वळण सापडेल तिथे. अगदी प्रामाणिकपणे हुबेहूब करायला जा. तो हुबेहूब होणार नाही. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन पॅरिससारखं वागणार नाही, सावल्या कडक पडतील, माणसं सायकलऐवजी स्कूटीवर असतील, तोंडाला ओढणी बांधलेली असेल, आणि कुठेतरी तुलाच वाटेल की नको, इथे मी एक पाऊल मागं उभी राहीन. ते पाऊल का मागं घेतलंस ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेव, आणि मला दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून पाठव.